कवितेत तोच शब्द दोनदा आला तर कधी ठेवायचा, कधी काढायचा?

लाल_पेन

नमस्कार. मी गिरगावातल्या एका छोट्या छापखान्यासाठी मुद्रितशोधन करते. 17 वर्षं झाली. लग्नपत्रिकेपासून पीएचडीच्या प्रबंधापर्यंत जे येईल ते तपासते. रोज निदान दहा-बारा ठिकाणी शब्द डबल पडलेला सापडतो. ओळ संपताना 'आणि', पुढची ओळ सुरू होताना परत 'आणि'. ऑपरेटरची नजर कागदावरून स्क्रीनवर जाऊन परत येते तेवढ्यात हे होतं. मी काट मारते, समासात खूण करते आणि पुढे जाते. हाताला इतकी सवय झालीय की डोक्यात अर्थ उतरायच्या आधी पेन चालतं.

गेल्या महिन्यात एका काकांचा कवितासंग्रह आला. वय 78. लालबागच्या चाळीत वाढलेले, 1982च्या संपापर्यंत गिरणीत साचे (कापड विणायचे माग) चालवायचे, नंतर एका सोसायटीत वॉचमन. स्वतःच्या पैशांनी पुस्तक काढतायत, 300 प्रती. कविता दोन शंभरपानी वह्यांमध्ये, बॉलपेनने लिहिलेल्या. आईवरची कविता अशी सुरू होते:

भोंग्याच्या आधी आई उठायची
उठायची आणि चाळ झोपलेली असायची

मी दुसऱ्या ओळीतलं 'उठायची' काढलं. ओळीच्या शेवटी एक, पुढच्या ओळीच्या सुरुवातीला तेच. नेहमीची चूक, असंच वाटलं. वही उघडून ताडून पाहायला हवं होतं, ते मी केलं नाही.

काका दुसरं प्रूफ बघायला आले. ओळीखाली बोट ठेवून वाचत होते. त्या ओळीशी बोट थांबलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, इथं आई एकदाच उठली."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. आई उठायची म्हणजे आधी अंथरुणातच उठून बसायची. गुडघे आखडलेले असायचे. दिवा न लावता अंधारात दोन्ही हातांनी ते चोळत बसायची, खोलीत झोपलेल्या सहा माणसांची झोप मोडू नये म्हणून. मग पुन्हा उठायची, ती स्टो पेटवायला. "त्या दोन उठायचीच्या मध्ये ती बसलीय," म्हणाले. "तुम्ही तिला बसूच दिलं नाही."

तो शब्द मी त्यांच्यासमोरच परत घातला. पण तेव्हापासून हे पुस्तक तपासताना हात अडतो. अशा 14 जागा आहेत. त्यातल्या तीन इथे देते, काकांना विचारूनच देतेय.

नळावरच्या कवितेत: पाणी आलं पाणी आलं

संपाच्या दिवसांच्या कवितेत:
चिमणी थंड पडली
चिमणीवर चिमणी बसू लागली
घरात चिमणी लावून आई तांदूळ निवडू लागली

(ऑपरेटर म्हणाला, चार वेळा चिमणी झालीय, एका ठिकाणी धुराडं करू या.)

आणि गिरणी बंद पडण्याच्या कवितेत (खातं म्हणजे गिरणीतला विभाग): एकेक खातं बंद झालं हळूहळू हळूहळू

गद्यात मला शंका येत नाही. कवितेत कशावरून ठरवायचं? सोमवारी फाईल छपाईला जाते. कविता जाणणाऱ्यांनी मनापासून सांगावं.

रात्रशाळा

ताई, आधी त्या ऑपरेटरला थांबवा. धुराडं अजिबात नको!

परळच्या एका रात्रशाळेत मी 26 वर्षं मराठी शिकवलं. माझी अर्धी मुलं गिरण्यांमधलीच असायची, त्यामुळे ही ओळ वाचून बराच वेळ बसून राहिलो. काकांची चिमणी म्हणजे आपल्या शाळेतला यमक अलंकार: अक्षरं तीच, अर्थ दुसरा. पहिली गिरणीची. 'चिमणीवर चिमणी' यात गिरणीची आणि पाखरू. शेवटची रॉकेलची, कारण वीज कापलेली असणार. धूर बंद झाला म्हणून पाखराला बसता आलं आणि पगार बंद झाला म्हणून घरात रॉकेलचा दिवा आला. सगळा संप एका शब्दाभोवती फिरवलाय या माणसाने. शब्द बदलला की तो दोरा तुटला.

सोयराबाईंचा अभंग आठवा. 'अवघा रंग एक झाला । रंगीं रंगला श्रीरंग'. एवढ्याशा जागेत चार वेळा रंग. आधी नुसता रंग, मग रंगात, मग रंगणं ही क्रिया आणि शेवटी देवाचं नावच श्रीरंग. रंग कोणता, रंगणारा कोण आणि रंगवणारा कोण हे ओळ संपेपर्यंत वेगळं काढता येत नाही. 'एक झाला' असं बाई म्हणतात आणि शब्दाकडून ते करवूनही घेतात. पुढे 'नाहीं भेदाचें तें काम । पळोनि गेले क्रोध काम'. पहिलं काम म्हणजे कारण, प्रयोजन. दुसरं म्हणजे वासना. वर्गात दरवर्षी एखादा मुलगा हात वर करून म्हणायचा, सर, इथे छपाईची चूक आहे. मी त्या मुलाची वाट बघायचो. तिथूनच तास सुरू व्हायचा.

ही चौदाव्या शतकातली, चोखोबांच्या घरातली बाई. मंदिराच्या आत ज्यांना पाऊल टाकू दिलं नाही अशा घरातली. तिच्या तोंडी 'भेदाचें काम नाही' हे शब्द आले की त्यांचं वजन आणखी वेगळं होतं.

आता 'उठायची'कडे येतो. तिथे अर्थ वरवर तोच आहे, म्हणून यमक म्हणता येणार नाही. त्यासाठी जुन्या शास्त्रात फार सुंदर उदाहरण आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धन होऊन गेला. त्याने ध्वन्यालोक या काव्यशास्त्राच्या ग्रंथात स्वतःचीच एक प्राकृत गाथा दिलीय. तिच्या संस्कृत छायेत, म्हणजे शब्दाला शब्द ठेवून केलेल्या संस्कृत रूपात, ओळ येते, 'रविकिरणानुगृहीतानि भवन्ति कमलानि कमलानि'. सूर्यकिरणांची कृपा झाली म्हणजे कमळं कमळं होतात. यातलं दुसरं कमळ पुसून बघा, वाक्यच पडतं. पहिलं कमळ म्हणजे देठावरचं फूल. दुसऱ्यात रूप, वास, डोलणं, कमळपणाचं जे जे काही ते सगळं. आपणही रोज बोलतोच की: माणूस माणूस राहिला नाही. आई ती आईच.

त्याच शास्त्रात शब्द पुन्हा येणं हा काव्यदोषही सांगितलाय आणि तो कुठे दोष ठरत नाही हेही सांगितलंय. म्हणजे तुमचा प्रश्न फार जुना आहे.

चाळकरी

'पाणी आलं पाणी आलं' यात काढण्यासारखं काही नाही. चाळीत हे एकदा कोणी म्हणतच नाही. पहिलं म्हणणारा नळाशी उभा असतो. दुसरं वरच्या गॅलरीतून येतं, ज्याने ऐकलं त्याचं. पुढे तिसऱ्या मजल्यावर जातं. आम्ही माझगावला असंच उठायचो.

सहा_बावन्न

मी शास्त्र शिकलेलो नाही, ऐकून ऐकून जे कळलं ते सांगतो. बदलापूरहून रोज सकाळी सीएसएमटीला जातो. आमच्या डब्यात भजनी मंडळ आहे. टाळ असतात, एक छोटी ढोलकी, बाकी डब्याच्या पत्र्यावर हात. मी झील धरणाऱ्यांमधला, म्हणजे गाणाऱ्या बुवांच्या मागून ओळ म्हणणाऱ्यांमधला.

चोखोबांचा 'ऊस डोंगा' आठवड्यातून एकदा तरी होतो. डोंगा म्हणजे वाकडा. ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा. मग कमान डोंगी परी तीर नोहे डोंगा. मग नदी डोंगी, पण पाणी नाही. प्रत्येकानंतर 'काय भुललासी वरलिया रंगा'. नवीन माणसाला वाटतं, तेच तेच चाललंय. पण डोंगा जागचा हलत नाही आणि त्याच्या आधीची वस्तू दर वेळी बदलते, तसं मन पुढे पुढे जायला लागतं. ऊस झाला, कमान झाली, नदी झाली, आता काय? आणि येतं, 'चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा'. हे सांगणं त्यांनी सुरुवातीलाच केलं असतं तर आपण 'बरं' म्हणून सोडून दिलं असतं. तीन वेळा मान डोलावून झालेली असते, म्हणून चौथ्यांदा नाही म्हणता येत नाही. ज्या माणसाला लोक बाहेर उभा करत होते, त्याने आपल्याकडून तीन वेळा हो म्हणवून घेतलंय.

बुवांची आणखी एक गोष्ट. 'काय भुललासी वरलिया रंगा' ही ओळ ते कधी दोनदा सारखी म्हणत नाहीत. एकदा जोर 'काय'वर, तो प्रश्न होतो. मग 'भुललासी'वर, ते दटावणं होतं. मग 'वरलिया'वर आवाज खाली आणतात आणि तेव्हा ते स्वतःशी बोलल्यासारखं वाटतं. गाडी ठाण्याला भरते, दारातल्या माणसालासुद्धा हलायला जागा नसते, आणि तीच ओळ तिसऱ्यांदा आली की मोबाईल बघणारी दोन-चार डोकी वर होतात. हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

म्हणून माझं म्हणणं, काकांकडून मोठ्याने वाचून घ्या. छापलेला शब्द दोन्हीकडे सारखाच दिसतो, आवाजात तो सारखा राहत नाही.

कोरा_कागद

थोडं वेगळं बोलतो, कारण इथे सगळं ठेवा असाच सूर लागतोय.

एका छोट्या अनियतकालिकासाठी मी कविता वाचतो. येणाऱ्या कवितांमध्ये 'हिरवे हिरवे', 'दूर दूर', 'खोल खोल', 'पुन्हा पुन्हा' यांचा पूर असतो. बहुतेक वेळा मात्रा भरायला किंवा भावना कमी पडलीय म्हणून. मराठीत हे फार सोपं जातं, कारण आपली भाषाच जोडीने बोलते: लाललाल, घरोघरी, शेजारीपाजारी, रुणझुण. जे भाषा फुकट देते ते कवीने कमावलेलं असतंच असं नाही.

मी एक कसोटी लावतो. शब्द परत आला तेव्हा त्याच्या आजूबाजूचं काही हललं का?

मर्ढेकरांच्या 'पिपांत मेले ओल्या उंदिर'मध्ये 'माना पडल्या, मुरगळल्याविण' येतं आणि एक ओळ सोडून 'माना पडल्या, आसक्तीविण'. दोन शब्द जसेच्या तसे. पहिल्यांदा वाटतं उंदरांबद्दल चाललंय. मध्ये 'ओठांवरती ओठ मिळाले' येऊन गेलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्या वेळी त्या माना कोणाच्याही होतात, आपल्याही. पुढे 'जगायची पण सक्ती आहे. मरायची पण सक्ती आहे'. ओळीत बदलला एकच शब्द, जगायचीचं मरायची झालं. बाकी चौकट तशीच राहिली. या दोन्हींत काही फरक उरलेला नाही हे सांगायला ती न बदललेली चौकटच पुरेशी आहे.

सुर्व्यांचं 'दोन दिवस वाट पाहण्यात गेले. दोन दुःखात गेले' घ्या. चार दिवसांचं आयुष्य असं आपण म्हणतो. ते चार कुठे लिहिलेले नाहीत, पण दोन आणि दोनची बेरीज वाचणाऱ्याच्या मनात होते आणि हातात काही उरत नाही.

या कसोटीवर काकांची चिमणी उतरते. उठायची तर फारच सुंदर उतरते, मला ती ओळ छापायला आवडली असती. 'हळूहळू हळूहळू' उतरत नाही. हळूहळू हीच मुळात एक जोडी आहे. तिला परत जोडून ओळ फक्त लांबली. मी असतो तर एक काढलं असतं.

लाल_पेन

@कोरा_कागद, तुमचं पटतंय, पण मला भीती अशी वाटते की 'उठायची'बद्दलही मला असंच खात्रीने वाटलं होतं. मी उद्या रविवारी काकांकडेच जाते. सहा_बावन्न यांनी सांगितल्याप्रमाणे सगळ्या जागा त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेईन.

रात्रशाळा सर, वीज कापल्याचं तुम्ही बरोबर ओळखलंत. पुढच्याच कडव्यात ते आहे.

जळगावची

मी मूळची जळगावची, गोरेगावला राहते. आमच्या आजीच्या तोंडी बहिणाबाई असायच्या, त्यामुळे 'डबल' शब्द म्हटला की मला आधी त्याच आठवतात.

मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर

लहानपणी आमच्या मळ्यात मी ढोर हाकललंय. एकदा हाकललं की ते चार पावलं जातं आणि मान वळवून बघतं. तुम्ही परत ओरडता. आणखी चार पावलं. तुम्ही पाठ फिरवली की परत पिकात तोंड. 'हाकला हाकला' यात दोन्ही वेळचं ओरडणं आहे, आणि इतकं करून 'फिरी येतं'. 'किती हाकला, फिरी येतं' एवढंच ठेवून म्हणून बघा. माहिती मिळेल, पण दमायला होणार नाही. आजी हे म्हणताना 'हाकला'च्या दुसऱ्या वेळी खरंच हात उडवायची, कंटाळल्यासारखा.

आणि एक. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी उतरवून ठेवली, म्हणून 1952 साली पुस्तक झालं. त्याच्या आदल्याच वर्षी त्या गेल्या होत्या. सगळं डोक्यात ठेवायचं, दळता दळता, शेतात जाता जाता. असं ठेवायचं तर शब्दाला धरायला कडी लागते. तोच शब्द परत आला की पुढची ओळ हाताला लागते. तुमच्या काकांनी या कविता वहीतच केल्यात का, की आधी मनात? विचारून बघा ना.

लाल_पेन

आज काळाचौकीला काकांच्या घरी जाऊन आले. अडीच तास बसले होते. सगळ्या 14 जागा त्यांनी मोठ्याने वाचल्या. काकू समोर लसूण सोलत होत्या आणि मधूनमधून "हे बरोबर" किंवा "हे उगाच" म्हणत होत्या. तीन ठिकाणी काकूंनी "उगाच" म्हटलं आणि त्यातल्या दोन ठिकाणी काकांनी लगेच मान्य केलं. मला वाटतं या पुस्तकाचं पहिलं मुद्रितशोधन त्यांनीच कधीतरी करून ठेवलंय.

@जळगावची, विचारलं. म्हणाले, "साच्यावर वही कुठून आणणार?" दोन्ही हात कामात, कानात इतका आवाज की शेजारच्याशी खुणेने बोलायचं. कविता त्या आवाजातच मनात फिरवत राहायची, पाळी सुटली की चालत घरी येईपर्यंत धरून ठेवायची, मग वहीत. साचा एक लय धरतो, तिच्यावर शब्द बसवायचे. म्हणजे कडी होतीच.

चिमण्या चारही राहिल्या. वाचताना ते 'चिमणीवर चिमणी'ला किंचित थांबले आणि वर बघितलं, छताकडे. मी पानावर तिथे काही खूण केली नाही, पण मला आता ती ओळ त्या नजरेशिवाय वाचता येणार नाही.

'पाणी आलं पाणी आलं' ते दोन आवाजांत म्हणाले. पहिलं मोठ्याने, दुसरं लांबून आल्यासारखं. मी चाळकरींचा प्रतिसाद वाचून दाखवला तर खूश झाले. आता दुसरं 'पाणी आलं' आम्ही खालच्या ओळीत, थोडं आत सरकवून घेतलंय.

मग 'हळूहळू हळूहळू'. वाचलं. परत वाचलं. मी कोरा_कागद यांचं म्हणणं सांगितलं, एक काढू का असं विचारलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. काकूंनीही सोलणं थांबवलं. मग म्हणाले, "एक नको. दोन्ही काढा. हळूहळू कुठं झालं? 18 जानेवारी 1982. आम्ही बाहेर आलो, ते परत आत गेलोच नाही. हळूहळू हा शब्द मी कुणाकडून घेतला काय माहीत."

त्यांनी माझं पेन मागितलं. 'एकेक'वरही काट मारली. राहिलं फक्त 'खातं बंद झालं'. त्याच्या खाली स्वतःच्या अक्षरात तेच परत लिहिलं आणि त्याच्याही खाली परत. म्हणाले, "हे माझं. हे भावाचं. हे शेजाऱ्याचं, तो गावाला गेला, परत दिसला नाही."

पेन परत देताना विचारलं, "ऑपरेटरला हे डबल नाही ना वाटणार?"

मी तिन्ही ओळींसमोर समासात लिहिलंय: राहू द्या. राहू द्या. राहू द्या.